‘मॅडम, तेवढं बसवा की!’ : व्हॅल्युअर कसं व्हायचं याविषयी

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. ओघात आलेल्या पुनरुक्ती काढल्या आहेत, बाकी बोलणं आहे तसंच ठेवलं आहे.)

मागे आपण कार्पेट एरिया कसा मोजायचा यावर एक भाग केला होता. त्यानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न एरियाबद्दल नव्हताच. प्रश्न असा होता, की मॅडम, तुमच्यासारखं व्हॅल्युअर व्हायचं तर काय करावं लागतं? विचारणारे बहुतेक सिव्हिलचे. चार-पाच वर्षं साइटवर काढलेली, स्लॅब टाकायच्या रात्री जागलेली, आणि पगार कधी होईल ते कॉन्ट्रॅक्टरच्या मूडवर, याला कंटाळलेली मुलं-मुली. म्हणून आज त्याच विषयावर बोलते. मी सांगलीत काम करते. माझी नोंदणी २०१९ सालची, आणि त्याआधी सहा वर्षं मी एका ज्येष्ठ व्हॅल्युअरांच्या हाताखाली उमेदवारी केली. त्यांना मी सर म्हणते, आजही तेच म्हणणार आहे.

आधी कागदावरचा रस्ता सांगून टाकते, कारण तो तसा सरळ आहे. कंपनी कायदा २०१३, त्याचं कलम २४७. त्याखाली ऑक्टोबर २०१७ मध्ये नियम आले आणि ‘नोंदणीकृत मूल्यांकक’ म्हणजे रजिस्टर्ड व्हॅल्युअर अशी रीतसर व्यवस्था उभी राहिली. नोंदणी करणारं प्राधिकरण म्हणजे इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्ट्सी बोर्ड ऑफ इंडिया, आपण आयबीबीआय म्हणतो. मालमत्तेचे वर्ग तीन: जमीन आणि इमारत, यंत्रसामग्री, आणि शेअर-रोख्यांसारखी वित्तीय मालमत्ता. आपण बोलतोय ते पहिल्या वर्गाबद्दल. त्याला सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा नगररचना यांतली पदवी आणि वर पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदव्युत्तर शिक्षण असेल तर तीन वर्षांचा. नुसत्या डिप्लोमावर हे होत नाही. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण क्लासच्या जाहिराती बघून फी भरून बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

मग मान्यताप्राप्त व्हॅल्युअर संघटनेचं, आरव्हीओचं, सभासद व्हायचं. त्यांच्याकडे ५० तासांचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा. मग परीक्षा. कॉम्प्युटरवर, पर्यायी उत्तरांची, दोन तासांची. पास व्हायला ६० टक्के लागतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. त्यामुळे डोळे मिटून टिकमार्क करू नका. पास झाल्यावर तीन वर्षांच्या आत नोंदणीचा अर्ज करायचा. आपल्या सिव्हिलच्या लोकांना गणिताचं काही वाटत नाही, अडतं ते कायद्यात. करार कायदा, मालमत्ता हस्तांतरण, मुद्रांक, भूसंपादन, रेरा, सरफेसी हे सगळं असतं. मी अभ्यास करायचे तेव्हा माझे मिस्टर म्हणायचे, तू वकील होतेयस की इंजिनियर? आता वाटतं, थोडी वकील झाले ते बरंच झालं.

आयकरासाठी लागणारा व्हॅल्युअर ही वेगळी नोंदणी, हे लक्षात ठेवा. तिचं मूळ संपत्तीकर कायदा १९५७ मध्ये, कलम ३४अब. गंमत बघा, २०१५ च्या अर्थसंकल्पात संपत्तीकरच रद्द झाला, पण त्या कायद्यातला व्हॅल्युअर मात्र मागे राहिला. जुनं घर विकलं, त्याची १ एप्रिल २००१ ची किंमत काढायची आहे, असं सीए सांगतात ना, तिथे तो लागतो. आणि बँकांचं तिसरंच. प्रत्येक बँकेचं स्वतःचं पॅनेल, स्वतःच्या अटी, स्वतःचा फॉर्म. या सगळ्यांना एका छत्राखाली आणणाऱ्या विधेयकाचा मसुदा २०२० साली एका तज्ज्ञ समितीने तयार केला होता. त्याचा कायदा मात्र झाला नाही.

तर एवढं केलं की तुमच्याकडे प्रमाणपत्र येतं. ते फ्रेम करून भिंतीला लावा, आईला फोटो पाठवा. आणि मग कुणाच्या तरी हाताखाली जाऊन काम शिका.

कारण त्या ५० तासांत तीन-चार पद्धती शिकवतात. शेजारच्या विक्रीशी तुलना करायची. भाडं धरून किंमत काढायची. जमिनीची किंमत अधिक बांधकामाची घसारा वजा किंमत. हे कुणालाही येतं. आरसीसीचं घर आहे, आयुष्य ६० वर्षं धरलं, ३० झाली, शेवटी मोडीत दहा टक्के उरतं असं मानलं, तर घसारा ४५ टक्के. बाराशे चौरस फूट, आजचा बांधकामाचा दर १८०० धरला तर २१ लाख ६० हजार, त्यातले ४५ टक्के वजा, राहिले ११ लाख ८८ हजार. झालं. इथे मालक हमखास रागावतो. “अहो, नुसत्या सागवानी दाराला सव्वा लाख घातलेत!” घातले असतील. पुढचा घेणारा त्या दारासाठी सव्वा लाख देणार का, एवढंच मला बघायचं असतं.

सरांनी पहिले सहा महिने मला किंमत काढूच दिली नाही. फक्त मोजायचं आणि कागद वाचायचे. ते म्हणायचे, “अहो बाई, वस्तू कोणती ते आधी ठरवा, भाव कुठं पळून जात नाही.” तेव्हा राग यायचा. पण वस्तू कोणती हाच प्रश्न किती वेळा अडकवतो ते नंतर कळलं. गट नंबर एक, त्यात दहा जणांचे हिस्से, सातबाऱ्यावर दहा नावं, जागेवर बांध कुठेच नाही. मालक आपल्याला रस्त्याकडेचा, हॉटेल टाकता येईल असा तुकडा दाखवतो, आणि खरेदीखतातल्या चतुःसीमा वाचल्या तर पूर्वेला ओढा. रस्ता पूर्वेलाही नाही आणि पश्चिमेलाही नाही. म्हणजे तारण ठेवायचा तुकडा मागचा, आणि फोटो काढायला पुढचा. अशा वेळी मोजणी नकाशा मागायचा. तो नसेल तर तसं रिपोर्टात लिहायचं आणि किंमत न घालता थांबायचं. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ आहे का, तेही तिथेच बघायचं. वर्ग २ ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, मग वर्ग १ चा भाव तिला कसा लावणार? ही ओळ डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असते. जमिनीतले कितीतरी लाख तिच्यावर अवलंबून असतात.

आणि हो, बाई असण्याबद्दल पण विचारलं होतं काही मुलींनी. आजही मी टेप घेऊन दारात उभी राहिले की पहिला प्रश्न येतो, “साहेब मागून येतायत का?” मी म्हणते, साहेबच आलेत. मग चहा येतो. गच्चीवर शिडी लावून चढावं लागतं, माळ्यावर डोकं घालावं लागतं, पावसाळ्यात ऊसाच्या फडातून जावं लागतं. बूट घाला, आणि बॅटरी जवळ ठेवा. एक फायदाही आहे. घरातल्या बायका आपल्याशी मोकळ्या बोलतात, आणि घराचं खरं दुखणं त्यांनाच माहीत असतं. कुठली भिंत ओल धरते, पाणी किती वाजता येतं, शेजाऱ्याशी कुठल्या बोळावरून भांडण आहे.

आता बाजारभावाकडे येऊ. तुलना करायला खरे व्यवहार हवेत. ते कुठून मिळणार? नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन, इंडेक्स टू, शोधता येते. तिथे कुणी, कुठलं, किती चौरस मीटर, कितीला घेतलं ते सगळं दिसतं. दिसतं खरं, पण आपल्याकडे तो आकडा किती खरा हे तुम्हा-आम्हाला माहीत आहे. रेडी रेकनरच्या, म्हणजे वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्याच्या, आसपास कागद करायचा आणि उरलेलं पिशवीतून, ही पद्धत संपलेली नाही. पिशवीतला आकडा मी रिपोर्टात लिहू शकत नाही आणि नाही असंही धरू शकत नाही. मग काय करायचं? एका विक्रीवर विसंबायचं नाही. त्याच इमारतीतल्या तीन-चार नोंदी, एजंटांनी सांगितलेले भाव, बँकांच्या लिलावात प्रत्यक्ष आलेल्या बोल्या, भाडी, हे सगळं शेजारी शेजारी मांडायचं. कुठला आकडा का जवळचा वाटला आणि कुठला का सोडला, ते लिहायचं. कंपनी कायद्याखालच्या रिपोर्टात तर माहितीचा स्रोत, पाहणी कधी केली, कुठल्या मर्यादा होत्या, हे द्यावंच लागतं. मी म्हणते, सगळ्याच रिपोर्टांत द्या. आकडा चुकीचा वाटला तर वाचणाऱ्याला कुठे बोट ठेवायचं ते कळलं पाहिजे.

इथे एक काम सांगते, जरा लांबण लावून. नावं-गावं बदललेली आहेत असं समजा.

२०२२ ची गोष्ट. एका बँकेकडून लिलावासाठीचं मूल्यांकन आलं. सरफेसी कायद्यात तारण मालमत्ता विकायची तर आधी मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून किंमत काढून घ्यावी लागते आणि त्यावरून राखीव किंमत ठरते. फ्लॅट नदीकडच्या बाजूला, गावभागाच्या जवळ, तळमजल्यावर. सांगलीबाहेरच्या लोकांसाठी सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. त्या आठवड्यात अर्धं गाव होड्यांत होतं. २०२१ मध्ये परत पूर आला. २००५ चा तर जुन्या माणसांना तारखेसकट आठवतो.

कुटुंब अजून तिथेच राहत होतं. कापडाचं छोटं दुकान होतं, ते पुरात गेलं, सावरतायत तोवर लॉकडाउन. नेहमीची कहाणी. वहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं. मी मोजायला लागले. भिंती नुकत्याच रंगवलेल्या. मग मी मीटरची पेटी उघडली. आत, वायरींच्या मागे, गाळाची एक सरळ रेघ. जमिनीपासून सव्वासहा फुटांवर. हे सरांचं शिक्षण. भिंत रंगवतात, पण मीटरची पेटी, लॉफ्टची आतली बाजू आणि दाराच्या चौकटीचा माथा कुणी रंगवत नाही.

बँकेच्या फाइलमध्ये कर्जाच्या वेळचा रिपोर्ट होता, २०१८ चा. किंमत ४१ लाख. आता माझा कार्पेट आला होता ७९०. जुन्या रिपोर्टात क्षेत्र ११८०, म्हणजे सुपर बिल्टअप, बिल्डरच्या माहितीपत्रकातलं. त्याला दर लावलेला ३४७५. हा दर कुठला असेल म्हणून मी शोधलं, तर त्या वर्षी विश्रामबागच्या बाजूला, नदीपासून लांब, नव्या इमारतीत वरच्या मजल्यांना असे दर होते. याच इमारतीतल्या २०१८ च्या दोन विक्री मला इंडेक्स टूवर सापडल्या, ३० लाखांच्या आसपास. पिशवीतलं थोडं धरलं तरी ४१ होत नाहीत. पूररेषेचा उल्लेख नाही. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इमारत दोन्हींच्या मधे. आणि २००५ नंतर सांगलीत बसून तळमजल्याच्या फ्लॅटची किंमत काढताना पुराचं नावही न काढणं हे मला समजूच शकलं नाही. फोटो चार होते. चारही बाहेरून.

मी २०२२ च्या तारखेला २९ लाख काढले. बिल्टअप धरून, त्याच इमारतीतल्या आणि शेजारच्या गल्लीतल्या व्यवहारांवरून.

निघताना त्या भाऊंनी विचारलं, “मॅडम, किती होतात?” मी म्हटलं, ते बँक सांगेल, मला सांगता येत नाही. ते म्हणाले, “तेव्हाचे साहेब आतसुद्धा आले नव्हते हो. गाडीतनंच फोटो काढले. मला वाटलं, बँकेनं एवढं कर्ज दिलं म्हणजे घर तेवढ्याचं असणार.”

हे वाक्य ऐका परत. बँकेनं दिलं म्हणजे घर तेवढ्याचं असणार. आपल्याकडे घर घेणारा साधा माणूस असाच विचार करतो. त्याच्याकडे दुसरं मोजमापच नसतं. त्याला कर्ज ३२ लाख मिळालं होतं, लिलावाच्या वेळी व्याजासकट बाकी ३४ च्या घरात. लिलावात २७ आले. म्हणजे घर गेलं आणि वर सात लाखांचं देणं डोक्यावर राहिलं, कारण लिलावातून भागलं नाही तर उरलेली बाकी बँक कर्जदाराकडून वसूल करू शकते. २०१८ ला कुणी खरा आकडा लिहिला असता तर त्यांना २४-२५ लाखांवर कर्ज मिळालं नसतं. कदाचित त्यांनी तो फ्लॅट घेतलाच नसता. शिव्या दिल्या असत्या व्हॅल्युअरला. सांगा, कुठलं बरं?

तुम्हाला वाटेल, त्या व्हॅल्युअरने पैसे खाल्ले असणार. मला माहीत नाही, आणि खरं सांगू, मला तसं वाटतही नाही. पैसे खायची गरजच नसते. नुसता फोन येतो. कर्ज करून देणारा एजंट, कधी शाखेतला कुणी. “मॅडम, पार्टी चांगली आहे. व्यवहार २८ चा आहे, पण तिच्याकडे हातात काही नाही. ३१ बसवा की. करारातही तेवढेच घालतो.” तीस लाखांपर्यंतच्या घरकर्जात बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, मग ३१ वर २७ लाख ९० हजार. पार्टीचा एक रुपया न लागता घर! फोन करणाऱ्याला वाटतं तो उपकारच करतोय. आणि तुम्हाला माहीत असतं, की नाही म्हटलं तर पुढच्या महिन्यात त्या शाखेतून कामं येणार नाहीत. कुणी भांडत नाही. फोन वाजायचा थांबतो, एवढंच.

२०१७ च्या नियमांना जोडलेल्या आचारसंहितेत यासाठी नेमका शब्द आहे, कन्व्हीनियन्स व्हॅल्युएशन. सोयीचं मूल्यांकन. ते करायचं नाही असं स्पष्ट लिहिलंय. आणि काम फत्ते झालं तर जास्त फी, अशी सक्सेस फी घ्यायची नाही, हेही. फसवणुकीच्या हेतूने कलम मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि एक ते पाच लाख दंड अशी तरतूद कायद्यात आहे. बँकेच्या घोटाळ्यात हात असलेल्या व्हॅल्युअरचं नाव इंडियन बँक्स असोसिएशनकडे कळवलं जातं आणि ते सगळ्या बँकांत फिरतं. पण मी सांगते, कैदेची भीती तुम्हाला त्या फोनच्या वेळी आठवत नाही. फोनच्या वेळी पेट्रोलचा खर्च आठवतो. म्हणून व्यवस्था आधी लावून ठेवा. एकाच बँकेच्या पॅनेलवर जगू नका. आयकराची कामं, वाटणीची कामं, कोर्टाची कामं घ्या. आणि पाहणी होण्याआधी आकड्याचं बोलणं कुणाशीच करू नका. मी सरळ सांगते, अजून घर बघितलं नाही, बघितल्यावर लेखीच देते. दोन-तीन वेळा असं झालं की लोक विचारायचं सोडतात. काही कायमचे सोडतात, ते चालतं.

अमेरिकेतून एका श्रोत्यांनी विचारलं होतं, तिथे कसं असतं? थोडक्यात सांगते. तिथे परवाना राज्य देतं आणि उमेदवारी कायद्यानेच सक्तीची. घरांसाठीच्या साध्या परवान्याला १५० तास शिक्षण आणि देखरेखीखाली १००० तास काम, असा किमान राष्ट्रीय निकष आहे. हे सगळं १९८९ च्या कायद्यातून आलं, तिथल्या बचत-कर्ज संस्था धडाधड बुडाल्यानंतर. आणि २००८ च्या घरकर्जांच्या गोंधळानंतर त्यांनी अजून एक गोष्ट केली: कर्ज विकणाऱ्या माणसाने अप्रेझर निवडायचा नाही, त्याच्यावर दबाव आणायचा नाही. मला ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याकडे परीक्षा आली, ते चांगलं झालं. पण फोन कुणी करायचा यावर आपण फारसं काही केलेलं नाही.

बँकेचंच काय, सगळ्यांनाच सोयीचा आकडा हवा असतो. एकच घर घ्या. कर्ज काढायचं असेल तर त्याची किंमत जास्त हवी. मुलगा परदेशी शिकायला निघालाय, व्हिसाच्या कागदांत दाखवायचंय, अजून जास्त हवी. विकलंय आणि कर वाचवायचाय, तर २००१ ची किंमत जास्त हवी. त्याला २०२० पासून लगाम आहे, त्या तारखेची मुद्रांकाची किंमत मिळत असेल तर तिच्या वर जाता येत नाही. आणि बहिणींना वाटा द्यायची वेळ आली की तेच घर एकदम कवडीमोल.

हे शेवटचं मला जास्त लागतं. मिरजेच्या पुढे, हायवेलगत २० गुंठे. वडील वारलेले, दोन भाऊ, एक बहीण. थोरले भाऊ आले. म्हणाले, “ताई, रेडी रेकनरचा शेतीचा दर धरून एक सर्टिफिकेट द्या. बहिणीला त्याप्रमाणे पैसे देऊन हक्कसोडपत्र करून घेतो. रीतसर करायचंय सगळं.” माणूस वाईट नव्हता. बरेच जण तर बहिणीला साडी-चोळी देऊन सही घेतात, हा निदान पैसे देत होता. पण रेडी रेकनर मुद्रांक शुल्कासाठी आहे. समोर पेट्रोल पंप, बाजूला मंगल कार्यालय, आणि मी तिथे शेतीचा दर लिहायचा? मी म्हटलं, देते, पण बाजारभाव देणार, आणि रिपोर्टात हेतू लिहिणार: कुटुंबातली वाटणी. ते म्हणाले, मग नको. मी फी घेतली नाही, ते गेले. दोन आठवड्यांनी त्यांची बहीण आली. तिने विचारलं, मला पण मागता येतं का मूल्यांकन? येतं की. मागणारा कुणीही असो, जमीन तीच आणि भाव तोच. तिला मी जो आकडा दिला तोच भावांना दिला असता. पुढे त्यांनी काय केलं ते मला कळलं नाही. आपल्या कामात शेवट बऱ्याचदा कळत नाही.

पैशाचं विचारलंय बऱ्याच जणांनी, तेही सांगते. बँकेची फी ठरलेली असते, मालमत्तेच्या किंवा कर्जाच्या रकमेचे टप्पे असतात. पहिली दोन वर्षं साइटवरच्या पगारापेक्षा कमीच सुटतील असं धरून चला. पाहणी, मोजमाप, कागद, इंडेक्स टूची शोधाशोध, टायपिंग धरलं तर एका साध्या फ्लॅटला मला अजूनही जवळजवळ दिवस जातो. अर्ध्या तासात रिपोर्ट देणारे आहेत. ते कसं करतात ते मी वर सांगितलंच, गाडीतून. रेकॉर्ड किमान तीन वर्षं ठेवणं नियमाने लागतं. मी जास्त ठेवते, फोटोंसकट, कारण लिलावाची वेळ बहुधा तीन वर्षांनंतरच येते. जोडीला डिझाइन किंवा नकाशे मंजुरीची कामं ठेवली तर हरकत नाही. फक्त ज्या बिल्डरचं डिझाइन केलंत त्याच्या फ्लॅटचं मूल्यांकन घेऊ नका. आणि संघटनेकडून दरवर्षी पुढचं प्रशिक्षण असतं, ते टाळू नका. कंटाळवाणं असतं पण मधल्या चहाला दुसऱ्या जिल्ह्यातले लोक भेटतात, आणि सोलापूरला गाळ्याचं भाडं काय चाललंय हे तिथेच कळतं.

उमेदवारी कुणाकडे करावी, असं एकीने विचारलंय. गावातले दोन-तीन जुने व्हॅल्युअर निवडा आणि त्यांचे जुने रिपोर्ट वाचायला मागा. ज्यांच्या रिपोर्टात ‘पाहणीच्या वेळी ही खोली बंद होती’, ‘हा कागद मिळाला नाही’ अशी वाक्यं सापडतील, त्यांच्याकडे जा. पगार विचारू नका, दुचाकीचं पेट्रोल तेवढं ठरवून घ्या.

पुढच्या भागात गुंठेवारीचे प्लॉट. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, हे सगळ्यांना पाठ असतं, पण तो तुकडा नियमित झालाय की नाही हे कुठल्या कागदावर बघायचं, ते बोलू. तुमच्याकडे जुनी गुंठेवारीची कागदपत्रं असतील तर नाव-नंबर झाकून फोटो पाठवा, त्यातलीच एक-दोन वाचून दाखवते. भेटू.